संगणकातील पॅकेज पुन्हा बसविताना

विश्वस्त मंडळाने या स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा आम्हांस प्रथम आठवला तो अभ्यासिकेतील संगणक. शिष्यवृत्ती मागणाऱ्या मुलांची नावनिशी त्याच यंत्रात आहे. एके दिवशी पडद्यावर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसू लागले. एका गृहस्थांनी सल्ला दिला, "सगळे पुसून नव्याने भरा." तो ऐकला असता तर नावनिशीही गेली असती. दोष केवळ लोहित देवनागरी या अक्षरसंचाच्या पॅकेजात होता.

हे यंत्र उबुंटू प्रणालीवर चालते, व उबुंटू ही १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनवर उभी आहे. तिच्यात प्रत्येक कार्यक्रम 'पॅकेज' नावाच्या गाठोड्यातून येतो. लग्नघरी कोठीवर वही घेऊन एक माणूस बसलेला असतो, तसा येथे पॅकेज मॅनेजर असतो. कोणत्या गाठोड्यातील फाइल कोठे ठेवली, कोणाचे कोणावाचून अडते, हे त्याच्या वहीत असते. सामान आणण्याचे काम ॲप्ट करतो, मांडण्याचे डीपीकेजी.

बिघडलेले पॅकेज आधी काढावे व मग बसवावे, असा हिशेब पुष्कळजण करतात आणि येथेच फसतात. एक काढले की त्यावर अवलंबून असलेली बाकीचीही निघतात. उबुंटूवरून पायथन ३ काढावयास गेलेल्यांचे जवळजवळ सारे यंत्रच रिकामे होते. २०२१ साली कॅनडातील प्रसिद्ध चित्रफीतकार लायनस सेबॅस्टियन यांनी तर काही काढावयास सांगितलेही नव्हते. पॉप ओएस प्रणालीवर ते स्टीम हा खेळांचा कार्यक्रम बसवीत होते. पॅकेजांचा मेळ बसत नव्हता. यंत्राने काय काय काढले जाईल त्याची यादी दाखविली, धोक्याची सूचना दिली. त्यांनी "होय, मी सांगतो तसे कर" हे मागितलेले वाक्य टंकले, आणि डेस्कटॉपच नाहीसा झाला!

तेव्हा पॅकेज न काढता जागच्या जागी बसवावे. ॲप्टला 'इन्स्टॉल'च्या जोडीस '--रिइन्स्टॉल' असे सांगावे (यंत्रावर अर्थात रोमन अक्षरांत). तेच पॅकेज पुन्हा आणून त्याच्या फाइली नव्याने मांडल्या जातात. इतरांस धक्का लागत नाही. आधी '--सिम्युलेट' जोडून पाहिले तर काय घडेल ते नुसते कळते, घडत काही नाही. त्यात काही काढले जाणार असे दिसले तर हात आवरावा.

मात्र या उपायाला मर्यादा आहे. आपण बदललेल्या सेटिंगच्या फाइली डीपीकेजी तशाच ठेवतो, आणि इटीसी कप्प्यातील अशी फाइल कोणी पुसली असेल तर ती साध्या रिइन्स्टॉलने परतही येत नाही. म्हणून आधी 'डीपीकेजी --व्हेरिफाय' करून कोणत्या फाइली नोंदीशी जुळत नाहीत ते पाहावे. आम्ही तेच केले, म्हणून लोहितचा दोष सापडला.

सदलग्यात पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. काम अर्ध्यावर तुटले तर 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही आज्ञा राहिलेले पुरे करते. "दुसरे काम चालू आहे" असा निरोप आला तर थोडे थांबावे. कुलपाची फाइल पुसण्याचा उतावीळपणा करू नये, त्याने वहीच बिघडण्याची भीती असते.

नावनिशीची प्रत आम्ही हे सारे सुरू करण्यापूर्वीच पेनड्राइव्हवर घेतली होती. तो पेनड्राइव्ह कार्यवाहांच्या कपाटात आहे.