पिशवी अडली, वेष्टन सुटलं

२६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईची गटारं तुंबल्याचा ठपका प्लास्टिकच्या पिशव्यांवर आला आणि २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. तेव्हापासूनचे नियम ओळीने वाचले की एक गोष्ट डाचत राहते. दंडाची पावती भाजीवाल्याच्या हातात पडली; कारखान्यातूनच मालाबरोबर येणारं वेष्टन मात्र दरवेळी सुटलं. पुनर्वापर न होणारी बहुस्तरीय वेष्टनं दोन वर्षांत बंद करा, असं केंद्राच्या २०१६ च्या नियमांत स्वच्छ लिहिलं होतं. मुदत संपत आली तेव्हा, मार्च २०१८ मध्ये, नियमच बदलला: जे जाळून ऊर्जा मिळते किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग होतो, ते चालेल. सिमेंटच्या भट्टीत वेफर्सचं पाकीटही जळतं. म्हणजे बंद करायचं असं काही उरलंच नाही.

पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचं नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. भंगारात ज्याला भाव, ते त्या नावात आहे. दुधाची रिकामी पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची, म्हणून तिलाही भाव मिळतो. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकच्या थरांना ॲल्युमिनियमचा मुलामा चिकटलेला असतो. तो सुटा होत नाही, म्हणून ते कोणी उचलत नाही. वेष्टनाशिवाय माल नासेल आणि एक रुपयाची शाम्पूची पुडी गेली तर हातावर पोट असलेल्यांनी काय करायचं, असं कंपन्या विचारतात. प्रश्न खरा आहे. पण त्यातून वेष्टन हवं एवढंच ठरतं. ते परत न घेण्याजोगंच हवं, हे ठरत नाही. आरेचं दूध मुंबईत वर्षानुवर्षं काचेच्या बाटलीतून घरोघर गेलं, बाटल्या रोज परत आल्या, आणि दूध काही नासलं नाही.

मार्च २०१८ च्याच राज्याच्या अधिसूचनेत ही वाट होती: दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परताव्याची किंमत छापायची आणि ती देऊन पिशवी परत घ्यायची. ते कलम कागदावरच राहिलं. २०२२ पासून उत्पादकांवर वेष्टनाची जबाबदारी आली खरी, पण ती पुनर्प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रं विकत घेऊन भागवता येते, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत त्यांतली कित्येक बनावट निघाली. ५० पैशांसाठी दुकानात परत आलेली पिशवी मोजता येते, तिचं खोटं प्रमाणपत्र काढता येत नाही.