विश्लेषण : परदेशातील रेल्वे-मेट्रो पास फायद्याचा कधी, तोट्याचा कधी?

सोलापूर-छत्रपती संभाजीनगर महामार्ग आणि बार्शी-लातूर रस्ता जिथे भेटतात, त्या येडशीत प्रवासातील सवलती कुणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. कॉलेजला निघालेल्या मुलांच्या खिशात एसटीचा विद्यार्थी पास असतो, महिला अर्धे तिकीट काढतात आणि पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा ओळखपत्र दाखवून मोफत बसतात. कोणती सवलत कुणाला, कोणत्या गाडीत आणि कुठपर्यंत चालते, हे इथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते.

मात्र धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या कुटुंबाचा मुलगा जर्मनीत किंवा लेक लंडनला असेल आणि आई-वडील पहिल्यांदा भेटीला निघाले असतील, तर हा सरावाचा हिशेब अचानक अवघड होतो. ‘युरेल’, ‘जपान रेल पास’, ‘स्विस ट्रॅव्हल पास’, ‘ऑयस्टर’ अशी नावे समोर येतात. ‘पास घेऊन टाका, स्वस्त पडतो’ असा सल्लाही मिळतो. तो नेहमी खरा असतोच असे नाही. चौघांच्या कुटुंबाचा एक चुकीचा निर्णय अर्ध्या लाखाला पडू शकतो.

पास म्हणजे सवलतच ना?

नाही. पास म्हणजे आगाऊ खरेदी. ठरावीक दिवसांत आपण अमुक इतका प्रवास करू, असे गृहीत धरून पैसे आधी भरायचे. तेवढा प्रवास झाला तर फायदा, नाही झाला तर तोटा. परदेशातील पासांची नावे अनेक असली तरी प्रकार मोजके आहेत आणि त्यातले बहुतेक एसटी-रेल्वेच्या प्रवाशाला ओळखीचे आहेत.

पहिला प्रकार ‘आवडेल तेथे प्रवास’. एसटी महामंडळ या नावाने ४ आणि ७ दिवसांचे पास देते. तेवढ्या दिवसांत राज्यात हवे तिथे फिरा. जपान रेल पास, स्विस ट्रॅव्हल पास आणि युरेल हे याच जातीचे. दुसरा प्रकार अर्ध्या तिकिटाचा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत ५० टक्के सवलत आहे. स्वित्झर्लंडचे ‘हाफ फेअर कार्ड’ हेच काम करते, फक्त ते कार्ड आधी विकत घ्यावे लागते. तिसरा प्रकार मासिक पासाचा. येडशी-लातूर असा रेल्वेचा मासिक पास काढला, तर तो कुर्डुवाडीकडे जाताना चालत नाही. जर्मनीतील मासिक पासाला अशी मार्गाची मर्यादा नाही, पण गाड्यांची आहे. चौथा प्रकार आपल्याकडे नवा वाटेल. त्यात पास घ्यायचाच नाही, दर वेळी कार्ड टेकवायचे आणि दिवसाचे भाडे एका मर्यादेला पोहोचले की पुढचा प्रवास मोफत. लंडनमध्ये ही पद्धत आहे.

जपानच्या पासाचे गणित का बदलले?

जपान रेल पास अनेक वर्षे परदेशी पर्यटकांसाठी डोळे झाकून घ्यावा असा मानला जाई. सात दिवसांच्या साध्या पासाची किंमत २९,६५० येन होती. टोकियो ते क्योटो हा बुलेट ट्रेनचा एकेरी प्रवास सुमारे १४ हजार येनचा, म्हणजे जाऊन-येऊन २८ हजार. त्यात आणखी एखादी छोटी सहल जोडली की पास वसूल होत असे.

१ ऑक्टोबर २०२३ पासून हाच पास ५० हजार येनचा झाला. सल्ले मात्र अनेक ठिकाणी जुनेच राहिले. आता केवळ टोकियो-क्योटो-टोकियो करणाऱ्या चौघा प्रौढांनी पास घेतले, तर दोन लाख येन लागतील. सुटी तिकिटे काढली तर सुमारे १ लाख १२ हजार. फरक ८८ हजार येनचा. येनचा भाव ५५ ते ६० पैशांच्या आसपास धरला, तर ही रक्कम ५० हजार रुपयांच्या घरात जाते. २०२५-२६ मधील सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे नऊ क्विंटलहून अधिक सोयाबीनचे पैसे न केलेल्या प्रवासावर गेले.

याचा अर्थ हा पास निरुपयोगी झाला असा नाही. टोकियोहून हिरोशिमापर्यंत जाऊन परत येणाऱ्या आणि वाटेत दोन-तीन शहरे करणाऱ्या प्रवाशाला तो आजही परवडू शकतो. परंतु ‘नोझोमी’ आणि ‘मिझुहो’ या सर्वांत वेगवान गाड्यांसाठी पासधारकालाही वेगळे पैसे मोजावे लागतात. शिवाय दिवस तारखेनुसार मोजला जातो. रात्री नऊला पास सुरू केला, तर तीन तासांत एक दिवस संपतो.

स्वित्झर्लंडमध्ये पूर्ण पास की अर्धे तिकीट?

मराठी पर्यटकांच्या युरोप सहलीत स्वित्झर्लंड बहुधा असतेच. तिथे दोन पर्याय आहेत. स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. रेल्वे, बस, तलावातील बोटी आणि शहरांतील ट्राम-बस त्यात येतात. पाचशेहून अधिक संग्रहालयांतही प्रवेश मिळतो. हाफ फेअर कार्ड महिनाभर चालते आणि बहुतेक प्रवास अर्ध्या दरात होतो.

खरी मेख डोंगरावरच्या गाड्यांत आहे. युंगफ्राउयोख हे अनेकांच्या सहलीचे मुख्य आकर्षण. तिथे जाताना पूर्ण पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत चालतो, त्यापुढच्या महागड्या टप्प्यावर फक्त २५ टक्के सवलत मिळते. हाफ फेअर कार्डावर मात्र त्याच टप्प्यावर ५० टक्के. म्हणून एकाच गावात मुक्काम करून दोन-तीन डोंगर पाहणाऱ्यांना अर्धे तिकीट, तर रोज नव्या शहरात जाणाऱ्यांना पूर्ण पास, असा ढोबळ नियम सांगता येतो.

अर्ध्या तिकिटाच्या कार्डाचा हिशेब सोपा आहे. कार्डाच्या किमतीच्या दुप्पट भाड्याचा प्रवास झाला की ते वसूल होते. उलट, पूर्ण दराच्या पासाची तुलना करताना ती नेहमी अर्ध्या तिकिटाशी करावी, पूर्ण तिकिटाशी नव्हे. पासच्या जाहिरातीत बचत दिसते ती पूर्ण तिकिटाच्या तुलनेत. मुले बरोबर असतील तर ‘फॅमिली कार्ड’ विसरू नये. ६ ते १५ वर्षांची मुले आई किंवा वडिलांसोबत त्यावर मोफत प्रवास करतात. ते पाससोबत मागून घ्यावे लागते.

आई-वडिलांना युरेल, मग मुलाला का नाही?

युरोपातील ३३ देशांत चालणाऱ्या पासाची दोन नावे आहेत. युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल आणि युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल. इथे पासपोर्टपेक्षा वास्तव्य महत्त्वाचे ठरते. धाराशिवहून आलेल्या आई-वडिलांना युरेल मिळतो. जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाकडे भारतीय पासपोर्ट असला तरी त्याला इंटररेल घ्यावा लागतो. शिवाय स्वतः राहत असलेल्या देशात त्याला त्या पासवर एकदा बाहेर पडण्याचा आणि एकदा परत येण्याचा, असे दोनच प्रवास करता येतात. सगळ्यांसाठी एकच पास एकदम काढायला जाणाऱ्या कुटुंबांची गफलत इथेच होते.

दुसरी गफलत आरक्षणाची. पास म्हणजे बसायला जागा, असे समीकरण युरोपात सर्वत्र नाही. फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या वेगवान गाड्या आणि लंडन-पॅरिस युरोस्टार यांत पास असूनही आसनाचे वेगळे पैसे भरून आरक्षण करावे लागते. पासधारकांसाठीच्या जागा मर्यादित असतात आणि हंगामात त्या लवकर संपतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड येथील बहुतेक गाड्यांत मात्र आरक्षणाशिवाय बसता येते. त्यामुळे कोणत्या देशांतून जायचे, यावर पासाची खरी किंमत ठरते.

जर्मनीचा मासिक पास स्वस्त कसा?

‘डॉइचलांडटिकेट’ हा पास १ मे २०२३ रोजी ४९ युरोला सुरू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तो ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाला. देशभरातील शहर बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक रेल्वे त्यावर चालतात. मुलाकडे तीन आठवडे राहून आसपासची शहरे पाहणाऱ्या पालकांसाठी तो उत्तम ठरू शकतो.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या त्यात नाहीत. त्यात चुकून बसल्यास प्रवासी विनातिकीट ठरतो. दुसरे, हा पास महिन्याची वर्गणी असतो आणि तारखेनुसार नव्हे, कॅलेंडरच्या महिन्यानुसार चालतो. सर्वसाधारण नियमानुसार महिन्याच्या १० तारखेपर्यंत तो रद्द केला नाही, तर पुढच्या महिन्याचे पैसेही खात्यातून जातात. आई-वडील येडशीत परतलेले आणि पास मात्र सुरूच, असे होऊ नये म्हणून घेतानाच रद्द करण्याची तारीख लिहून ठेवलेली बरी.

मेट्रोच्या पासात ‘दिवस’ आणि ‘आठवडा’ म्हणजे काय?

प्रत्येक शहराचे घड्याळ वेगळे आहे. पॅरिसचा आठवड्याचा ‘नाविगो’ पास सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो. गुरुवारपर्यंत चालू आठवड्याचा आणि शुक्रवारपासून पुढच्या आठवड्याचा पास मिळतो. सोमवारी पोहोचणाऱ्याला तो विमानतळाच्या प्रवासासह फायद्याचा, गुरुवारी पोहोचणाऱ्याला बहुधा तोट्याचा.

टोकियोत भुयारी रेल्वेचे पर्यटक तिकीट २४, ४८ किंवा ७२ तासांचे असते आणि ते पहिल्या वापरापासून मोजले जाते. दुपारी तीनला सुरू केलेले २४ तासांचे तिकीट दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत चालते. पण ते टोकियो मेट्रो आणि तोएई या दोन भुयारी सेवांपुरते आहे. शहराला वळसा घालणारी यामानोते मार्गिका जेआरची असल्याने तिथे ते चालत नाही. उलट जपान रेल पास यामानोतेवर चालतो, पण मेट्रोत नाही.

लंडनमध्ये ऑयस्टर किंवा संपर्कविरहित बँक कार्ड टेकवले की दिवसाची कमाल मर्यादा आपोआप लागू होते. साप्ताहिक मर्यादाही आहे, पण तीही सोमवार ते रविवार. मधल्या वारी येऊन सात दिवस भरपूर फिरणाऱ्याने कोणत्याही दिवशी सुरू होणाऱ्या सात दिवसांच्या ट्रॅव्हलकार्डशी तुलना करावी. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागते. तेच कार्ड फोनमध्ये घालून एकदा फोन आणि एकदा प्लास्टिकचे कार्ड टेकवले, तर यंत्रणेला ते दोन प्रवासी वाटतात आणि मर्यादेचा फायदा जातो. भुयारी रेल्वेतून बाहेर पडताना कार्ड टेकवायचे राहिले तर कमाल भाडे कापले जाते. बसमध्ये मात्र फक्त चढतानाच टेकवायचे. भारतीय बँकेचे कार्ड वापरल्यास परकीय चलनाचे शुल्क किती, हेही आधी विचारून घ्यावे.

हिशेब नेमका कसा मांडावा?

एका कागदावर तारखा लिहाव्यात आणि प्रत्येक तारखेपुढे कुठून कुठे जायचे ते मांडावे. ज्या दिवशी गावातच फिरणे आहे, तो दिवस वेगळा काढावा. प्रत्येक मोठ्या प्रवासाचे भाडे त्या देशाच्या रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावे, एजंटच्या पत्रकावर नव्हे. अनेक देशांत लवकर काढलेले तिकीट बरेच स्वस्त मिळते. अट एवढीच की ते त्याच गाडीपुरते असते आणि बहुधा परत करता येत नाही. ती बेरीज एका बाजूला आणि पासाची किंमत अधिक आरक्षणाचे पैसे दुसऱ्या बाजूला.

वयाचा रकानाही हवा. मुले कितव्या वर्षापर्यंत मोफत, कितव्यापर्यंत अर्धे, हे देशागणिक बदलते. युरेलमध्ये २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांना आणि साठी ओलांडलेल्यांना सवलत आहे. सर्वांनी एकच पर्याय घ्यावा, असे बंधन नाही. पालकांना पास आणि मुलांना सुटे तिकीट, हाही हिशेब बरोबर ठरू शकतो.

थोडा तोटा असला तरी पास केव्हा घ्यावा?

पैशांपलीकडेही एक बाजू आहे. भाषा येत नाही, यंत्रावर तिकीट काढण्याची सवय नाही, गुडघे दुखतात म्हणून एखादी गाडी सोडून पुढच्या गाडीने यावे लागते, अशा ज्येष्ठांसाठी पास म्हणजे मनाची शांतता. ठरलेल्या गाडीचे स्वस्त तिकीट चुकले तर नवे पूर्ण दराने काढावे लागते. पासधारक, आरक्षणाची सक्ती नसेल तिथे, पुढच्या गाडीत बसतो. दोन्ही बेरजांतील फरक थोडा असेल, तर त्या सोयीची किंमत म्हणून पास घेण्यात चूक नाही.

फक्त ती किंमत किती, हे माहीत असावे. येडशीच्या थांब्यावर अर्धे तिकीट की पास, हे ठरवताना माणूस आधी आठवड्यात किती फेऱ्या होणार ते मोजतो. टोकियो, झुरिक किंवा पॅरिसला निघतानाही मोजायच्या त्या फेऱ्याच.