प्लग घरीच बदलले आणि गाडी मिसिंग मारायला लागली? थांबा, लगेच नवीन पार्ट घेऊ नका

समजा, कारंजा लाडमधला एक तरुण आहे. त्याच्याकडे सेकंडहँड घेतलेली टर्बो पेट्रोल गाडी आहे. रविवारी सकाळी व्हिडिओ बघत बघत त्याने अंगणातच स्पार्क प्लग बदलले, एअर फिल्टर टाकला, इंजिनावरची धूळ पुसली. गाडी सुरू केली तर आवाज एकदम स्वच्छ. गावात दोन चकरा मारल्या, काहीच तक्रार नाही. सर्व्हिसिंगचे पैसे वाचले म्हणून गडी खूश.

संध्याकाळी तो समृद्धी महामार्गावर चढला. मालेगावच्या दिशेने जाताना ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबला आणि गाडीने झटके द्यायला सुरुवात केली. पिकअप गायब. मीटरमध्ये इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

हा तरुण काल्पनिक असला तरी असा अनुभव घरी पाना हातात घेणाऱ्या बऱ्याच जणांना येतो. त्यात वाशिम जिल्ह्यात स्पोर्ट्स कार किंवा तशा धाटणीची गाडी बाळगणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठायचं तर अकोला, नागपूर नाहीतर छत्रपती संभाजीनगर. साहजिकच छोटी कामं घरी करण्याचा मोह होतो आणि त्यात चूकही काही नाही. गडबड होते ती काम बिघडल्यावर. आधी पेट्रोलला शिव्या, मग कॉइल बदल, मग इंजेक्टर साफ कर, मग सेन्सर बदल. खिसा रिकामा होतो आणि गाडी मिसिंग मारतच राहते.

आधी दिव्याचं बघू

चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर बिघाड नोंदवला गेलाय, गाडी जपून चालवत घरी किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. पण तो लुकलुकत असेल, तर मिसफायर इतका जोरात आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होण्याची वेळ आली आहे, असं गाडीचा कॉम्प्युटर सांगतोय.

मिसफायर म्हणजे सिलेंडरमध्ये गेलेलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण नीट पेटलंच नाही. मग ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने बाहेर पडतं आणि वाटेत कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा मुलामा असतो. तापमान हजार अंशांच्या वर गेलं की ही जाळी वितळायला लागते. एका सैल कपलरमुळे झालेला बिघाड असा हजारोंच्या, काही गाड्यांत लाखाच्या बिलावर जातो.

म्हणून दिवा लुकलुकला की पाय सैल करायचा, वेग कमी करायचा आणि सुरक्षित जागा बघून थांबायचं. समृद्धीवर कारची वेगमर्यादा ताशी १२० किमी आहे, त्यामुळे मधेच ब्रेक मारणं धोक्याचं. इंडिकेटर देत डावीकडे यायचं. आणि एक गोष्ट विसरू नका: दिवाळीनंतर आपल्याकडे रस्त्याकडेचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, शेताच्या कडेला सोयाबीनचं कुटार पडलेलं असतं. तापून लाल झालेला कन्व्हर्टर गाडीच्या पोटाखाली असतो. अशा गवतावर गाडी उभी केली तर आग लागू शकते. डांबरावर किंवा काँक्रीटवरच थांबा.

गावात ठणठणीत, हायवेवर झटके. असं का?

इथेच बरेच जण फसतात. ‘गावात तर मस्त चालत होती, म्हणजे प्लग बरोबरच बसलेत’ असं वाटतं.

पण स्पार्क पडायला किती व्होल्टेज लागतं हे सिलेंडरमधल्या दाबावर ठरतं. दाब जितका जास्त, तितकं ठिणगीला प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर ओलांडणं कठीण. आयडलिंगला दाब कमी असतो, त्यामुळे थोडा कमकुवत कॉइल किंवा तडा गेलेला प्लगसुद्धा काम भागवतो. पाय दाबला, टर्बोने हवा कोंबली की दाब एकदम वाढतो. आता वीज सोपी वाट शोधते. पोर्सेलिनला बारीक तडा असेल किंवा कॉइलखालचा रबरी बूट फाटलेला असेल तर ती तिथूनच इंजिनाच्या लोखंडात उतरते. ठिणगी पडतच नाही.

स्पोर्ट्स कार आणि टर्बो गाड्यांना हा त्रास जास्त होतो तो यामुळेच. साध्या गाडीत खपून जाणारी चूक इथे खपत नाही. वाशिमच्या बाजारपेठेत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर फिरताना तो दाब कधी तयारच होत नाही. जिल्ह्यातून समृद्धीचा जवळपास १०० किमीचा पट्टा जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून इथल्या गाड्यांना लांबच लांब पूर्ण ताकदीने धावायला मोकळा रस्ता मिळाला. घरच्या कामातल्या चुका उघड्या पडतात त्या तिथे.

गाडीला कळतं कसं?

चार सिलेंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० वेळा ठिणगी पडते. त्यातली एक हुकली तरी कॉम्प्युटरला समजतं. क्रँकशाफ्टला दाते असलेलं एक चाक जोडलेलं असतं, शेजारी सेन्सर. प्रत्येक स्फोटानंतर क्रँकला हलकासा धक्का मिळून तो किंचित वेगाने फिरतो. एखाद्या वेळी तो धक्का मिळाला नाही की दाते पुढे सरकायला क्षणभर उशीर होतो. तो उशीर मोजून कुठला सिलेंडर चुकला ते ठरतं.

गंमत म्हणजे खूप खराब रस्त्यावर चाकांना बसणारे हादरेही क्रँकपर्यंत पोचतात आणि मिसफायरसारखे दिसू शकतात. म्हणून काही गाड्या चाकांच्या सेन्सरकडून रस्ता खराब आहे का, हेही विचारून घेतात. त्यामुळे झटके अजिबात जाणवले नाहीत आणि फक्त खड्ड्यांच्या रस्त्यावर कोड आला, तर लगेच घाबरू नका. चांगल्या रस्त्यावर परत तपासा.

हा कोड वाचायला स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात लावायचा ब्लूटूथ स्कॅनर हजार-दोन हजारांत मिळतो. घरी सर्व्हिसिंग करायचीच असेल तर पान्यांच्या सेटइतकाच हाही गरजेचा. पी०३०१ म्हणजे पहिला सिलेंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, याप्रमाणे पुढे. पी०३०० आला तर मिसफायर एका ठिकाणी नाही, इकडे-तिकडे होतोय. सिलेंडरचे नंबर कुठल्या बाजूने मोजायचे हे प्रत्येक इंजिनात सारखं नसतं, ते गाडीच्या पुस्तकात बघा.

शेवटचा हात कुठे लागला होता?

मिसफायर सर्व्हिसिंगनंतर सुरू झाला असेल, तर पहिला संशय सर्व्हिसिंगवर. सकाळपर्यंत चांगले असलेले इंजेक्टर नेमके प्लग बदलल्या दिवशीच खराब होण्याची शक्यता फार कमी. पेट्रोलचंही तेच. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर हल्ली सगळं खापर फुटतं. टाकीत पाणी गेलं तर इंधनाचा त्रास होतो हे खरं, पण पेट्रोल सगळ्या सिलेंडरना एकच मिळतं. फक्त दुसराच सिलेंडर मिसिंग मारत असेल तर पंपवाल्याशी भांडून उपयोग नाही.

इंजिन पूर्ण थंड करा आणि जिथे जिथे हात लागला, तिथे उलट क्रमाने जा.

कॉइलचे कपलर आधी. बसवताना ‘टक’ असा आवाज आला होता का? जुन्या गाडीत त्या प्लास्टिकच्या कडीचा उन्हाने भुगा झालेला असतो. कपलर बसल्यासारखा दिसतो, पण हादऱ्याने सुटतो. कॉइलऐवजी हाय टेन्शन वायर असलेली जुनी गाडी असेल तर वायरींची अदलाबदल झाली नाही ना, ते पाहा. चार सिलेंडरच्या बहुतेक इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो.

मग हवेची वाट. एअर फिल्टरचा डबा उघडला की त्याच्या जवळचा हवा मोजणारा सेन्सर आणि दोन-तीन बारीक रबरी नळ्या सुटतात. एखादी नळी परत लावायची राहिली तर सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि आयडलिंगलाच इंजिन थरथरतं. सोबत पी०१७१ कोड दिसला तर याच दिशेला शोधा. तेल लावलेला स्पोर्ट्स फिल्टर टाकला असेल तर जादा तेल त्या सेन्सरवर बसतं. आवाज भारी येतो, हिशोब मात्र चुकतो. नुसती बॅटरी काढली असेल किंवा थ्रॉटल बॉडी साफ केली असेल तर आयडलिंग काही काळ वरखाली होऊ शकतं. तो मिसफायर असेलच असं नाही.

इंजिन पाण्याने धुतलं असेल तर? प्लग ज्या खोल भोकात बसतो तिथे पाणी साचतं. कॉइल काढून कंप्रेसरच्या हवेने ते उडवावं लागतं. त्या भोकात पाण्याऐवजी ऑइल दिसलं तर वरच्या कव्हरचं गॅस्केट गेलंय. हा दोष आधीपासूनचा असतो, प्लग काढताना फक्त नजरेस पडतो. आणि बॉनेट उघडलंच आहे तर उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, तेही बघून घ्या.

आता प्लग. नवा प्लग हातातून फरशीवर पडला असेल तर तो गेला असं समजा. टोकांमधलं अंतर बदललेलं असतं किंवा आत तडा गेलेला असतो, जो डोळ्यांना दिसत नाही. हे अंतर साधारण ०.७ ते १.१ मिमी असतं, टर्बोमध्ये सहसा कमी. फीलर गेजने तपासा, पण इरिडियम प्लगच्या मधल्या सुईसारख्या टोकावर जोर देऊ नका. प्लगचा नंबरही पडताळा. त्यातला एक आकडा प्लग किती गरम चालणार ते सांगतो, आणि काही कंपन्यांत आकडा वाढला की प्लग थंड तर काहींत गरम! दुकानदाराने ‘हाच लागतो’ म्हणून दुसऱ्या कंपनीचा दिला असेल तर तक्ता पाहूनच घ्या. बाजारात नकली प्लगही कमी नाहीत.

घट्ट किती करायचा? शक्यतो टॉर्क पान्याने, पुस्तकातल्या आकड्याइतकाच. तो नसेल तर वॉशर असलेला नवा प्लग हाताने पूर्ण बसेपर्यंत फिरवायचा आणि मग पान्याने साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. सैल राहिला तर वायू गळतो आणि प्लग तापतो. जास्त आवळला तर ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात, मग मात्र खर्च पक्का.

बिनपैशाची चाचणी

एवढं पाहूनही कोड पी०३०२ च येतोय? दुसऱ्या सिलेंडरचा कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याचा दुसऱ्यावर लावा. प्लगला हात लावू नका. कोड पुसा आणि गाडी पुन्हा तशाच लोडवर चालवा, पण दिवा लुकलुकू लागताच थांबा. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजे कॉइलच खराब. पी०३०२ च राहिला तर कॉइल सुटला, आता प्लगची अदलाबदल करा. एका वेळी एकच वस्तू हलवायची, हाच यातला सगळा मुद्दा. दोन्ही एकदम हलवल्या तर काहीच कळत नाही.

प्लग आणि कॉइल दोन्ही निर्दोष निघाले, तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनचा प्रश्न आहे. ते काम गॅरेजचं. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोलच्या लाइनला प्रचंड दाब असतो, ती घरी सैल करू नका.

जुने प्लग फेकले नसतील तर आणखी सोपं. तेच परत लावून बघा. मिसिंग थांबली तर नव्या प्लगमध्ये गडबड आहे. म्हणून जुने प्लग महिनाभर तरी ठेवावेत, तेही कुठल्या सिलेंडरचा कुठला, असं लिहून.

एक जुनी पद्धत मात्र टाळा. चालू इंजिनावर एकेक वायर उपटून आवाज ऐकणारे मिस्त्री अजूनही दिसतात. आजच्या कॉइलमध्ये तीस हजार व्होल्टच्या वर वीज तयार होते. झटका तर बसतोच, शिवाय उपटलेल्या सिलेंडरचं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जातं.

कधी गाडी अजिबात चालवायची नाही?

घरी टायमिंग बेल्ट किंवा चेनला हात लावला असेल आणि त्यानंतर मिसिंग सुरू झाली असेल, तर परत स्टार्टरही मारू नका. एक दाता जरी मागे-पुढे बसला तरी बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळू शकतात. इंजिनातून धातूचा टकटक आवाज, ऑइलचा लाल दिवा किंवा पेट्रोलचा उग्र वास आला तरीही तेच.

अशा वेळी टोइंग मागवताना चारी चाकं वर घेणारी गाडी मागा. स्पोर्ट्स कारचा बंपर इतका खाली असतो की पुढून उचलताना तोच फुटतो. ओढायचा हुक सहसा स्टेपनीजवळच्या टूल किटमध्ये असतो आणि बंपरवरच्या छोट्या झाकणामागे आटे देऊन बसवायचा असतो. तो किटमध्ये आहे का, हे आजच डिकी उघडून बघता येईल. सेकंडहँड गाड्यांत बऱ्याचदा तोच हरवलेला असतो.