अहवाल येईपर्यंतची वाट

परदेशातून परतणाऱ्या लेकीला किंवा मुलाला आणण्यासाठी आपण विमानतळावर उभे असतो, तेव्हा एकदा जवळ घ्यावे एवढीच ओढ मनात असते. कोरोनाच्या महासाथीत प्रवेशाच्या नियमांनी ही भेट लांबवली आणि अनेकांना तो निव्वळ जाच वाटला. त्यामागचे कारण आपल्या कल्याण-डोंबिवलीइतके क्वचितच कोणी जवळून पाहिले असेल.

नोव्हेंबर २०२१ मध्ये डोंबिवलीचा एक प्रवासी केपटाउनहून दुबई व दिल्लीमार्गे मुंबईस आला. दिल्लीच्या विमानतळावर त्याचा नमुना घेतला गेला. परंतु अहवाल हाती येण्यापूर्वीच तो पुढील विमानाने निघाला होता. त्या वेळच्या नियमांनुसार तसे करण्यास मुभा होती. पुढे त्यास बाधा झाल्याचे निष्पन्न झाले आणि ४ डिसेंबर रोजी तो महाराष्ट्रातील ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण ठरला. सुदैवाने त्याच्या निकट संपर्कातील कोणालाही लागण झाली नाही आणि ८ डिसेंबरला तो बरा होऊन घरी परतला.

१ डिसेंबरपासून केंद्र सरकारने नेमकी हीच फट बुजवली. जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांनी आरटीपीसीआरचा अहवाल मिळेपर्यंत विमानतळावरच थांबावे, तोवर पुढचे विमानही घेऊ नये. बाधा नसली तरी सात दिवस घरीच विलग राहावे आणि आठव्या दिवशी पुन्हा चाचणी करावी, असे ठरले. एकदा चाचणी झाल्यावर पुन्हा कशासाठी, असे आपण विचाराल. विषाणू शरीरात शिरल्यानंतर पहिल्या काही दिवसांत त्याचे प्रमाण इतके अल्प असते, की चाचणीत तो सापडेलच असे नाही. पहिला अहवाल केवळ त्या दिवसापुरता खरा असतो.

ते नियम आता उरलेले नाहीत; त्यांतील शहाणपण मात्र आपण जपावे. प्रवासाहून आलेल्या माणसाला ताप किंवा खोकला असेल, तर त्याची निजण्याची व्यवस्था वेगळी करावी. घर दोन खोल्यांचे असेल, तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात, मुखपट्टी वापरावी आणि आजी-आजोबांना काही दिवस दूर ठेवावे. डॉक्टरांना कोणत्या देशातून, कोणत्या तारखेला आलो, हे न विचारताच सांगावे.

चार दिवस लांबलेली भेट नंतर होतेच. घरातील वडीलधाऱ्यांचे आरोग्य मात्र एकदा ढासळले, की सावरेलच याची खात्री नसते.