गमतीची माहिती आणि ताजी बातमी

कावेरीच्या काठी वसलेल्या कुंभकोणम या नगराची ओळख विचारली, तर एक उत्तर हमखास मिळते : गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे हे जन्मगाव. उत्तर चुकीचे आहे. रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे, त्यांच्या आजोळी झाला. कुंभकोणम हे त्यांच्या घराचे, शाळेचे आणि बालपणीच्या गणिताचे गाव होय.

त्यांच्याविषयीची दुसरी प्रसिद्ध गोष्ट अधिक मासलेवाईक आहे. इंग्लंडात आजारी असलेल्या रामानुजन यांस भेटावयास हार्डी आले, ते १७२९ क्रमांकाच्या टॅक्सीने. हा आकडा अगदीच नीरस, असे हार्डी म्हणाले. त्यावर रामानुजन यांनी सांगितले की, दोन घनांची बेरीज म्हणून दोन निरनिराळ्या रीतींनी मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. एक आणि बारा यांच्या घनांची बेरीज १७२९. नऊ आणि दहा यांच्या घनांचीही तीच. मात्र या विधानात ‘धन संख्यांचे घन’ असे म्हणावयास हवे. ऋण संख्या चालतील असे धरले, तर ९१ ही त्याहून पुष्कळच लहान संख्या पुढे येते : तीन आणि चार यांच्या घनांची बेरीज ९१, आणि सहाच्या घनातून पाचाचा घन वजा केला तरी ९१. एक शब्द गळला की खरे विधान खोटे होते. शिवाय १७२९ चा हा गुण फ्रेनिक्ल या फ्रेंच गणितज्ञाने १६५७ सालीच नोंदविला होता.

अशा गळलेल्या शब्दांचा शोध घेणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, अशी काही माणसे लंडनमध्ये आहेत. बीबीसीवर २००३ साली ‘क्यूआय’ नावाचा प्रश्नोत्तरांचा विनोदी कार्यक्रम सुरू झाला. जॉन लॉइड हे त्याचे जनक. सर्वांस ठाऊक असलेले पण चुकीचे उत्तर दिले की तेथे भोंगा वाजतो आणि गुण कापले जातात. रामानुजन यांच्या जन्मगावाचे वरील उत्तर त्या भोंग्यास पात्र ठरले असते! या कार्यक्रमासाठी माहिती जमवून पारखणाऱ्या संशोधकांस परीकथांतील मदतनीस बुटक्यांचे नाव मिळाले आहे.

त्यांपैकी डॅन श्रायबर, जेम्स हार्किन, अँड्र्यू हंटर मरे आणि ॲना टाशिन्स्की या चौघांनी मार्च २०१४ मध्ये एक पॉडकास्ट, म्हणजे इंटरनेटवरून हवे तेव्हा ऐकता येणारी श्राव्यमाला, सुरू केली. ‘मासा असे काही नाहीच’ अशा अर्थाचे तिचे नाव ऐकून कोणासही हसू यावे; पण त्यामागे प्राणिशास्त्र आहे. फुप्फुसाने श्वास घेणारा मासा वंशाच्या दृष्टीने रोहूपेक्षा गाईस अधिक जवळचा आहे. तेव्हा ‘मासे’ या एकाच कुळात या दोघांस बसवावयाचे, तर गाईसही त्यात घ्यावे लागेल.

या मालेची रचना साधी आहे. आठवडाभरात सापडलेली आपल्या आवडीची एकेक गोष्ट प्रत्येकाने आणावयाची आणि इतरांनी तिला फाटे फोडावयाचे. तंजावरच्या भोसले राजवटीत मराठी कीर्तन या मुलखात रुजले आणि तामिळ हरिकथेच्या घडणीस त्याचा हातभार लागला. त्या कीर्तनाशी या बोलण्याचे थोडे साम्य आहे. मूळ सूत्र हातचे सुटू न देता आडवाटेने जाणे आणि श्रोत्यांस हसवीत परत येणे, हे दोन्हीकडे आहे.

मे २०१६ मध्ये बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर याच चौघांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम आला. आता नावात माशाची जागा बातमीने घेतली : ‘बातमी असे काही नाहीच’. हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. श्राव्यमालेत गोष्ट केव्हाची असावी याचे बंधन नव्हते. सतराव्या शतकातील गणितज्ञही चालत असे. येथे त्या आठवड्यातील घडामोडींशी गाठ बांधणे भाग होते. बातमी शिळी व्हायच्या आत तिची पारख करावयाची, हे काम कठीणच.

त्याच वर्षी, २२ फेब्रुवारी रोजी, कुंभकोणम येथे महामहम हा स्नानसोहळा झाला. असे समजा की, या संशोधकांसारख्या कोणाच्या हाती ही बातमी पडली. घाईचा वार्ताहर लिहील : ‘दर बारा वर्षांनी येणारे पर्व’. गर्दीचे आकडे देऊन तो मोकळा होईल. पारखणारा मात्र ‘बारा’ या शब्दापाशी थबकेल. हे पर्व गुरू सिंह राशीत असताना माघ महिन्यात येते, आणि गुरूची सूर्याभोवतीची फेरी ११.८६ वर्षांत पुरी होते. प्रत्येक फेरीस सुमारे ५१ दिवसांची तूट पडते. सात फेऱ्यांत ती जवळजवळ एका वर्षाची होते. म्हणून अशा गुरुबद्ध पर्वांत कधीतरी अकराच वर्षांचे अंतर पडते. हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर २०२१ मध्ये भरला, तो याच हिशेबाने.

ही बातमीची दुसरी बाजू होय. ती शोधण्यास पंचांग आणि खगोलशास्त्र दोन्ही उघडावे लागतात, आणि त्यासाठी वेळ लागतो. विनोदास येथे गौण मानण्याचे कारण नाही. ऐकणाऱ्याचा ठाम समज मोडला की त्यास हसू येते. पण समज मोडणारी गोष्टच चुकीची निघाली, तर विनोदही फसतो. आमच्या मते तपासणीचे श्रम या मंडळींच्या विनोदात मुरलेले असतात, वर तरंगत नाहीत. म्हणूनच ते प्रेक्षकास जाणवत नाहीत.

दूरचित्रवाणीवरील तो कार्यक्रम फार काळ चालला नाही. श्राव्यमाला पुढेही चालू राहिली. २०१७ साली याच चौघांनी सरत्या वर्षातील चमत्कारिक बातम्यांचे एक पुस्तक काढले. त्यात आठवड्याऐवजी वर्षाचे माप होते, आणि पारखण्यास तेवढीच अधिक सवड.