वॉटसन कुठे चुकले, ते शाळकरी पोरांना कळते

जेम्स वॉटसन गेल्यावर डीएनएचा १९५३ चा दुहेरी सर्पिल पुन्हा आठवला गेला आणि वंश व बुद्धीबद्दलची त्यांची बेताल विधानेही. त्या विधानांपायी कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेने २०१९ मध्ये त्यांची मानद पदे काढून घेतली. याच संस्थेने १९८८ मध्ये, वॉटसन यांच्याच कारकिर्दीत, शाळकरी मुलांसाठी डीएनए लर्निंग सेंटर उघडले. त्यांच्या वंशविषयक मतांना सर्वांत चोख उत्तर तिथल्या टेबलांवर मिळते, असे माझे मत आहे. मिठाच्या पाण्याने चूळ भरायची, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गालाच्या पेशी तळाशी बसवायच्या, त्या उकळून डीएनए सुटा करायचा आणि पीसीआरने सोळाव्या गुणसूत्रावरच्या एका जागेच्या प्रती काढायच्या. तिथे काहींच्या डीएनएत ‘अ‍ॅलू’ हा सुमारे ३०० अक्षरांचा तुकडा घुसलेला असतो, काहींच्या नसतो. या प्रती जेलमधून विजेने सरकवल्या, की लांब तुकडा मागे रेंगाळतो, आखूड पुढे पळतो, आईकडून एक आणि वडिलांकडून दुसरा आला असेल, तर दोन पट्टे. डीएनए न घातलेल्या कोऱ्या नळीतही पट्टा उमटला, तर कुठेतरी भेसळ झाली, आणि निकालावर विश्वास ठेवायचा नाही.

यावर खरा आक्षेप असा, की अ‍ॅलूचा हा तुकडा पूर्व आशियात जास्त आढळतो, युरोप-आफ्रिकेत कमी. मग मुले उलटाच धडा घेतील. या प्रमाणांचा नुसता तक्ता फळ्यावर लिहिला तर घेतीलही. पण अख्ख्या वर्गाचे जेल समोर असले, की पट्टा पाहून शेजारचा कुठल्या खंडातला हे सांगता येत नाही, कारण प्रमाण गटाचे असते आणि पट्टा एकेका माणसाचा. खासगीपणाची काळजी रास्त आहे. म्हणूनच आजाराशी संबंध न आढळलेली जागा निवडली आहे; तरी पालकांची संमती हवी आणि नमुने नष्ट करायलाच हवेत. खर्चाचे म्हणाल, तर पीसीआरचे एक यंत्र अनेक शाळांना मिळून वापरता येते.

आपल्याकडे सीबीएसईच्या बारावीला पालक, मटार किंवा पपईतून डीएनए काढतात. थंड अल्कोहोलमध्ये पांढरे धागे तरंगतात, मुले खूश होतात. पण सगळ्यांचे धागे सारखेच, आणि फरक दिसल्याशिवाय आनुवंशिकी सुरूच होत नाही. सुट्टीतल्या ‘डीएनए शिबिरा’ची फी भरण्याआधी पालकांनी एवढेच विचारावे: जेल मुले स्वतः चालवणार का, आणि त्यात कोरी नळी असणार का?