फोनवरून चालवा घरातली आगगाडी. पण आधी थांबवायला शिका!

कल्पना करा, तुम्ही चेन्नईजवळच्या सिरुसेरीत राहता. आई-बाबा तिथल्याच आयटी पार्कात नोकरीला आहेत. सुट्टीत पुण्याहून आजोबा आलेत. हॉलमधल्या टेबलावर प्लायवूड टाकून रूळ मांडलेत, छोटं स्टेशनही झालंय. नात गाडी पळवतेय. आजोबांनाही ती चालवायची आहे, पण गुडघे साथ देत नाहीत आणि वेग वाढवायचं बटण टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, वायरला बांधलेलं. म्हणून आजोबा खुर्चीत बसून नुसते बघतात.

हीच गाडी त्यांना खुर्चीतूनच, स्वतःच्या फोनवरून चालवता येईल. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: गाडी पळाली म्हणजे काम झालं असं नाही. ती हव्या त्या क्षणी थांबली, तरच काम झालं!

रुळांतून जातो निरोप

जुन्या पद्धतीत रुळांना मिळणारं व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलतात. एका रुळावर दोन इंजिनं ठेवली, तर दोन्ही एकदम पळतात. त्यावरचा उपाय म्हणजे डीसीसी, अर्थात डिजिटल कमांड कंट्रोल. यात रुळांना सतत वीज मिळते आणि त्याच विजेतून निरोपही जातात. प्रत्येक इंजिनात डीकोडर नावाची छोटी चिप असते आणि तिला स्वतःचा नंबर असतो. चाळीच्या अंगणातून हाक मारली की ती सगळ्यांनाच ऐकू येते, पण ज्याचं नाव घेतलं तोच गॅलरीत येतो ना? अगदी तसंच.

नव्या इंजिनाचा नंबर बहुतेक वेळा ३ असतो. दुसरं इंजिन आणलंत की त्याचा नंबर आधी बदला, नाहीतर दोन्ही एकाच हाकेला धावतील!

छोट्या गाड्यांचा मोठा पसारा बघायचा असेल, तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय नक्की बघा. १ एप्रिल १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. सिग्नल, स्टेशनं, पूल आणि एकाच वेळी धावणाऱ्या कितीतरी गाड्या बघताना मोठी माणसंही लहान होतात.

घरात काय लागेल?

पहिली गोष्ट म्हणजे डीकोडर असलेलं इंजिन. खोक्यावर 'डीसीसी रेडी' लिहिलं असेल, तर आत फक्त चिपसाठी जागा असते. चिप वेगळी घ्यावी लागते. 'डीसीसी फिटेड' असेल तर चिप आधीच बसवलेली असते.

दुसरी गोष्ट कमांड स्टेशन. फोनचा हुकूम रुळांपर्यंत पोचवणारा हा डबा. रोको कंपनीच्या झेड२१ सारखा तयार डबा घेता येतो. हाताने काही बनवायची आवड असेल, तर अर्डुइनो मेगा बोर्ड, मोटर शील्ड, वायफायची चिप आणि डीसीसी-ईएक्स हे मोफत सॉफ्टवेअर वापरून तो घरीही तयार होतो. मात्र वीजजोडणी मोठ्यांनीच करायची, तीही सूचना पूर्ण वाचून.

तिसरं, फोनवरचं ॲप. झेड२१चं स्वतःचं ॲप आहे. घरी बनवलेल्या स्टेशनसाठी अँड्रॉइडवर 'इंजिन ड्रायव्हर' आणि आयफोनवर 'वायथ्रॉटल' चालतं. गाडी चालवायला इंटरनेट लागत नाही, घरातलं वायफाय पुरतं.

आणि हो, जुना ट्रान्सफॉर्मर आणि डीसीसी एकाच रुळाला कधीही एकत्र जोडू नका. डीकोडर नसलेलं जुनं इंजिनही या रुळांवर ठेवू नका. त्याची मोटर गुणगुणते, तापते आणि जळूही शकते.

आता खरी परीक्षा

टेबलाची उंची जेमतेम अडीच फूट. पण तिथून फरशीवर पडलेलं इंजिन बिघडू शकतं. म्हणून डबे जोडण्याआधी, एकटं इंजिन हळू चालवत या तीन चाचण्या घ्या.

१. ॲपमधलं आणीबाणीचं 'स्टॉप' बटण दाबा. इंजिन जागच्या जागी थांबलं पाहिजे. घरातल्या प्रत्येकाला हे बटण न शोधता सापडलं पाहिजे.

२. गाडी चालू असताना फोन फ्लाइट मोडवर टाका. काही सेकंद फोनकडून निरोप आला नाही, तर इंजिन आपोआप थांबवण्याची सोय अनेक प्रणालींमध्ये असते. तुमच्याकडे ती सुरू आहे का, हे असंच कळेल.

३. वायफायचा राउटर बंद करा. वीज गेल्यावर रूळ इन्व्हर्टरवर चालू राहिले आणि राउटर मात्र बंद पडला, तर गाडी धावत राहील आणि तिला थांबवणारं कुणीच नसेल! म्हणून दोन्हींची वीज एकाच बोर्डवरून घ्या. शिवाय रुळांची वीज तोडणारा एक साधा स्विच हाताशी ठेवा.

खऱ्या रेल्वेचाही नियम हाच. भारतीय रेल्वेची 'कवच' प्रणाली आठवा. चालकाने वेळेवर ब्रेक लावला नाही, तर ती स्वतः लावते. माणूस चुकणार हे गृहीत धरूनच ती बनवली आहे.

सिरुसेरीसारख्या समुद्राजवळच्या गावात एक काम जास्तीचं. दमट, खाऱ्या हवेने रूळ काळवंडतात, वीज नीट पोचत नाही आणि गाडी आचके देते. वीज बंद करून, मऊ कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसा. पूर्ण वाळल्यावरच गाडी सोडा.

आजोबांची ड्युटी

सगळ्या चाचण्या झाल्या? मग कामं वाटून घ्या. नातीच्या फोनवर एक इंजिन, आजोबांच्या फोनवर दुसरं. आणि वीज तोडणारा तो स्विच आजोबांच्या खुर्चीशेजारी. खऱ्या गाडीतला गार्ड, ज्याला आता 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, त्याने इशारा दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. तसंच आजोबांनी मान हलवल्याशिवाय घरातली एकही गाडी स्टेशन सोडणार नाही, असा नियम करून टाका.

मग बघा, आजोबा नुसते बघत बसणार नाहीत. शिट्टीसुद्धा तेच वाजवतील!